सुटण्यासाठी घातलेला टाका

पहिल्या बाईला शाफ्टनं ओढलं तेव्हा मी तिच्यापासून चार हातांवर होते आणि मला काहीही ऐकू आलं नाही. आमच्या कारखान्यात एकाच शेडमध्ये पुरुष टॉवेलचे माग चालवतात आणि भिंतीच्या बाजूला आम्ही बायका कांडी मशीनवर उभ्या राहून मागासाठी सूत भरतो. मागांचा आवाज असा की शेजारची बाई ओरडली तर तिचं फक्त उघडलेलं तोंड दिसतं. तसं तोंड दिसलं म्हणून मी वळले. तिच्या अंगातला शर्ट पाठीमागून शाफ्टला, म्हणजे मशीन फिरवणाऱ्या लोखंडी दांड्याला, गुंडाळत चालला होता आणि शर्टाबरोबर तिचा हात. हात कोपरात उलट्या बाजूला दुमडला. मग मशीनचा पट्टा निसटला आणि ते आपोआप थांबलं. मागवाल्यांपैकी कोणी मान वर केली नाही, कारण त्यांना कळलंच नव्हतं.

आम्ही सगळ्या साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायचो. सुताची तूस अंगाला लागत नाही, पदर जागेवर राहतो. सोलापुरात कांडी भरणाऱ्या बाईला कोणी वेगळा कपडा कधी दिलेला नव्हता.

ती बाई परत कामाला आली नाही. दोन महिन्यांनी शेठनं पुण्याहून एक मॅडम बोलावल्या. टॉवेल विकत घेणारे परदेशी लोक शेड बघून गेले होते आणि त्यांनी बायकांच्या अंगातल्या शर्टांवर बोट ठेवलं होतं. शेठचं म्हणणं, एक चांगला एप्रन तयार करायचा. इथं चालला तर बाकीच्या कारखान्यांनाही विकायचा.

मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. माझी मुलगी लग्न होऊन बार्शीला असते. मॅडम पहिल्या दिवशी आल्या आणि कांड्यांचा क्रेट उलटा करून त्यावर बसल्या ते संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशीही तेच. शेडमध्ये त्यांना काही विचारता येईना, म्हणून नुसतं बघायच्या आणि लिहायच्या. माझ्या शेजारच्या मशीनवर अक्का असतात. त्या घरी तेलुगू बोलतात, पंचवीस वर्षं कांडी भरतात, आणि भवानी पेठेत आमच्या खोलीला लागून त्यांची खोली आहे. जेवायच्या सुट्टीत अक्का मॅडमना म्हणाल्या, "मुलगी पसंत करायला आलाय का काय? आमची लग्नं झाली की समद्यांची." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या कामाला डिझाइन थिंकिंग म्हणतात. वस्तू नंतर बनवायची, आधी ती वापरणारं माणूस बघायचं. मग विचारायचं, मग कच्चा नमुना करायचा, तो मोडून बघायचा, परत करायचा.

सुताच्या गोदामात आवाज जरा कमी असतो. तिथल्या भिंतीवर त्यांनी पिवळ्या आणि गुलाबी चिठ्ठ्या चिकटवल्या. चौथी शिकलेय, वाचता येतं, म्हणून मी डबा खाताना एकेक वाचायची. "तुटलेल्या सुताला गाठ मारायला वाकतात तेव्हा पाठ मागच्या रांगेच्या शाफ्टकडे." हे मला पंधरा वर्षांत कधी दिसलं नव्हतं. "पाणी प्यायला जाताना मशीन बंद करत नाहीत." "एक बाई कधीच बोलत नाही, पण सगळ्यांच्या आधी तिला सूत तुटल्याचं कळतं." ही चिठ्ठी वाचून मी तिथं जेवणं सोडलं. दोन दिवस बाहेर पाण्याच्या टाकीजवळ बसले.

मला बोलायला लाज वाटते. लहानपणापासून. शेडमध्ये ते झाकून जातं, तिथं कोणीच बोलत नाही, हातानं खुणा करतात. घरी ते झाकून जात नाही.

मग मॅडमनी आम्हा अकराजणींना गोदामात बसवलं आणि एप्रन कसा पाहिजे ते विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. मजबूत पाहिजे. फाटायला नको. आमच्या इथं कापड चांगलं म्हणजे न फाटणारं. चादर दाखवताना दुकानदार ती दोन्ही हातांत धरून ताणून दाखवतो. माझी पाळी आली तेव्हा मीही मान हलवून म्हटलं, "मजबूत." पण घरी मी बरोबर त्याच्या उलट करत होते.

ते आता लिहिते.

माझा नवरा त्याच शेडमध्ये माग चालवतो. लोकांत मी त्याला 'हे' म्हणते. वहीत 'तो' लिहिते. वीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाचे कान अर्धे जातात, आणि माझा आवाज मुळात बारीक. घरी आला की काहीतरी विचारायचा, मी उत्तर द्यायची, त्याला ते ऐकू जायचं नाही. "तोंडाला कुलूप लावलंय का?" म्हणून उठायचा. मी गॅसकडे तोंड करून असायची, म्हणून त्याचा हात नेहमी मागून यायचा. मानेखाली गाऊन मुठीत धरायचा, एक पीळ द्यायचा, म्हणजे गळा आवळायचा, आणि मग दुसऱ्या हातानं. गॅसपासून दारापर्यंत पाच पावलं. ती पाच पावलं मला कधी मिळायची नाहीत.

एकदा मिळाली. गाऊन जुना झाला होता, मानेखालचा तुकडा टर्रकन निघून त्याच्या मुठीत राहिला. त्याचा तोल गेला, तो भांड्यांच्या मांडणीवर आपटला. तेवढ्यात मी पाच पावलं टाकून अक्कांच्या दारात. अक्कांनी कडी लावली. तो बाहेरून दोन लाथा मारून गेला. सकाळी त्याची दारू उतरलेली असते.

त्यानंतर त्यानंच नव्या पेठेतून नवा गाऊन आणला. जाड कापड, दुहेरी टीप. त्या गाऊनपायी माझ्या दोन दाढा गेल्या. तो काही केल्या सुटेना. त्यानं मला त्या गाऊनला धरून खोलीभर फिरवलं, मोरीच्या कठड्यावर तोंड आपटलं, परत उचललं, परत आपटलं. गाऊनचा एक टाका उसवला नाही. फरशीवर पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांसमोर तो खांद्याच्या शिवणीचा भाग होता आणि मी टाके बघत होते. किती बारीक आणि सारखे घातलेत.

दुसऱ्या दिवशी सुजल्या तोंडानं कामावरून येताना मी थोडं टाकाऊ सूत आणलं. एकेरी. कांडी भरणाऱ्या बाईला सूत किती ओढ घेईल हे बोटाला कळतं, दिवसभर तेच करतो आपण. मी मानेखालचा तुकडा उसवला आणि परत लावला, लांब लांब धावदोऱ्यानं, एकेरी सुतानं, शेवटी गाठ न मारता. पहिल्या वेळी फार कच्चं झालं, भाकरी थापतानाच खांदा उघडला. मग टाके वाढवले. मग ते जास्त झाले आणि एका संध्याकाळी गाऊन सुटलाच नाही, त्या वेळी बरगडीला लागलं. मग एक टाका सोडून बघितलं. आठ टाके बरोबर बसले. धुताना टिकतात, काम करताना टिकतात, मागून झटका बसला की सुटतात. सगळे गाऊन मी तसे केले. दर वेळी तुकडा त्याच्या हातात राहायचा आणि तो नव्या पेठेतल्या त्या दुकानदाराला आईवरून शिव्या द्यायचा. सडका माल विकतो म्हणून. एकदा जाऊन त्याच्याशी भांडूनही आला. मी परत आठ टाके घालून ठेवायची. तीन वर्षं.

हे चालत होतं ते एकाच गोष्टीवर. त्याला माहीत नव्हतं.

मॅडमचा पहिला एप्रन तयार झाला. हिरवा, जाड, पाठीवर फुलीसारखे दोन पट्टे, सगळीकडे दुहेरी टीप. शेठनं जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा केलं आणि दोन मागवाल्यांना पुढं बोलावलं. एक बाजू एकानं धरायची, दुसरी दुसऱ्यानं, आणि ओढायचं. दुसरा माझा नवरा होता. दोघांनी पाय रोवून ओढलं. त्याच्या मानेच्या शिरा मला ओळखीच्या आहेत, त्या तशाच वर आल्या. एप्रन फाटला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो हसत म्हणाला, "शेठ, ह्याच कापडाचे घरात घालायला गाऊन बी काढा की. आमच्याकडं एक टिकंना."

सगळे हसले. मी खाली बघत होते. मला तेव्हाच कळलं की हा एप्रन माणूस मारणार. शाफ्ट मागून धरतो. पट्टा सुटला नाही तर बाई सुटणार नाही. मॅडम माझ्यापासून दोन पावलांवर उभ्या होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं की थांबा, मी काहीतरी दाखवते. पण दाखवायचं म्हणजे त्याच्यासमोर दाखवायचं. मी गप्प बसले. ह्या वहीत मी दुसऱ्या कुणाचीही चूक लिहिली तरी ही माझी आहे.

एप्रन वापरून बघायला सगळ्यात लहान बाईला दिला. ती अक्कलकोटकडची, लग्न होऊन सहा महिने झालेली, मराठी बोलताना मध्येच कानडीत जायची. नवा एप्रन घालून ती खूश होती, सगळ्यांना वळून वळून दाखवत होती. पाचव्या दिवशी, दुपारी चहानंतर, ती गाठ मारायला वाकली आणि पाठीवरच्या पट्ट्याची गाठ मागच्या शाफ्टला लागली.

पट्टा दोन वेढे गुंडाळला आणि ती उताणी उचलली गेली. पाय जमिनीवरून सुटले. एप्रनची वरची कड गळ्यात रुतली आणि शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला तिला थोडी अजून जवळ घेत होता. तिची टाच माझ्या मशीनवर आपटत होती, तीच फक्त मला जाणवली, पत्र्यातून हातात येत होती. तोंड काळंनिळं. डोळे माझ्याकडे. मी दोन्ही हातांनी एप्रन ओढला. फाटला नाही. दोन माणसांनी ओढूनही फाटत नव्हता तो. अक्का गाठी कापायचं अर्धं ब्लेड बोटात धरून आल्या आणि पट्ट्यावर चालवायला लागल्या. जाड कापडावर ब्लेड घसरत होतं, अक्कांच्याच बोटातून रक्त यायला लागलं. माग दुरुस्त करणारा जॉबर धावत जाऊन मेन स्विच पाडेपर्यंत पट्टा निम्माच कापला होता. माग थांबले, आणि त्या शांततेत तिच्या गळ्यातून येणारा आवाज ऐकू आला. भांड्याच्या तळाला पाणी संपताना येतो तसा.

ती जगली. गळ्याचं हाड मोडलं, मानेची कातडी कानापर्यंत सोलली, आणि बोलणं गेलं ते पुष्कळ दिवस आलं नाही. आलं तेही खरखरीत.

दुसऱ्या दिवशी गोदामात शेठ म्हणत होते की बाईनंच पट्टे नीट बांधले नसतील, आता आखूड पट्ट्याचा आणि अजून जाड करू. मागवालेही दारात उभे राहून बोलत होते. माझा नवरा म्हणाला, "मशीन काय करंल? बाईला ध्यान न्हाय." मॅडम भिंतीवरची एक चिठ्ठी काढून हातात धरून बसल्या होत्या. त्यावर लिहिलं होतं, "सगळ्यांची मागणी: मजबूत."  शेडमध्ये बायकांनी परत नवऱ्यांचे शर्ट अंगात घातले होते आणि मशीन चालू झाली होती.

मी त्या संध्याकाळी स्वयंपाक केला, त्याला वाढलं. त्यानं विचारलं त्याला मोठ्यानं उत्तर दिलं, घसा दुखेल इतक्या मोठ्यानं, म्हणजे निदान तो दिवस मार न खाता जाईल. सकाळी एक गाऊन पिशवीत घालून कारखान्यात नेला.

मॅडम लवकर येतात हे माहीत होतं. गोदामात त्या आणि अक्का दोघीच होत्या. मी साडीवरून गाऊन चढवला, त्यांच्याकडे पाठ केली आणि म्हटलं, "ओढा." मॅडमनी हळूच ओढलं. मी म्हटलं, "तसं न्हाय. जीव घ्यायचा असल्यागत ओढा." त्यांनी ओढलं. टर्रकन तुकडा निघाला आणि मी एक पाऊल पुढं जाऊन उभी राहिले.

बराच वेळ मॅडम तो तुकडा उलटसुलट करून बघत होत्या. मग त्यांच्या सवयीनं विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं. मी पिशवीची घडी घालत राहिले. अक्का म्हणाल्या, "माझ्या दाराला दोन लाथांच्या खुणा हायत. त्या बघून घ्या. लिहू नका." मॅडमनी पेन खाली ठेवलं.

आमचं तिघींचं तिथंच ठरलं की माझं नाव निघणार नाही. पण मॅडम हुशार आहेत, त्यांना पुढचं दिसलं. त्या म्हणाल्या, "ताई, हा टाका तुमचे मिस्टर ओळखतील. मी दुसरी काहीतरी युक्ती काढते, बटणांची, चुंबकाची. मला दोन-तीन महिने द्या." त्या बोलत होत्या आणि गोदामाच्या दारातून मला शेड दिसत होती. आठजणी, अंगात जुने शर्ट, वाकत होत्या, उठत होत्या, परत वाकत होत्या. दोन-तीन महिन्यांत किती वेळा वाकतील.

मी म्हटलं, "हाच करा."

पुढं पंधरा दिवस आम्ही एक बाहुली मारत होतो. गोणपाटात टाकाऊ सूत ठासून माणसाच्या वजनाची बाहुली केली, उंचीही तेवढीच. अक्कांनी तिला टिकली लावली, म्हणाल्या, "बाई हाय म्हटल्यावर कपाळ मोकळं कशाला." पाठीचे पट्टे कच्च्या टाक्यानं लावलेला एप्रन तिला घालायचा, दोरीनं वरून टांगायचं, पाठ शाफ्टला लावायची आणि मशीन सोडायचं. पहिल्या वेळी पट्टे नुसत्या धक्क्यानं गळून पडले. दुसऱ्या वेळी मॅडमनी दुहेरी सूत घेतलं. शाफ्टनं बाहुली आडवी केली, मान मागे मोडली, पोट फुटलं आणि गोदामभर सूत उडालं. टिकली शाफ्टला चिकटून फिरत राहिली. त्या दिवशी अक्काही चेष्टा करायच्या थांबल्या. मॅडम टाके मोजून लिहीत होत्या. एकेरी सूत, सहा टाके, दहा टाके. मला आठ माहीत होते, पण एप्रनचं कापड जाड, ओढ वेगळी, म्हणून मीही बोटानं बघत गेले. शेवटी नऊवर आलो. शाफ्टनं पट्टा धरला, टर्रकन नेला, आणि बाहुली दोरीला झुलत जागेवर राहिली. मॅडमनी त्यात अजून एक गोष्ट घातली. प्रत्येक रांगेच्या टोकाला एक लाल हँडल. कुणी ओढलं जाताना दिसलं की ज्या कुणाला दिसेल तिनं ते खाली पाडायचं, सगळी शेड बंद. कुणालाही विचारायचं नाही.

शेठनं सगळ्यांसमोर दाखवायला सांगितलं. जेवायच्या सुट्टीत माग बंद, फक्त आमचं एक मशीन चालू. बाहुली टांगली. पट्टा शाफ्टला लागला आणि टर्रकन आवाज झाला. शांत शेडमध्ये तो सगळ्यांनी ऐकला. शेठ खूश झाले, पट्टा हातात घेऊन फिरवला. फिरत फिरत तो माझ्या नवऱ्याच्या हातात आला. कडेला राखाडी एकेरी सुताचे लांब टाके लोंबत होते, शेवटी गाठ नव्हती. त्यानं असा तुकडा तीन वर्षं हातात धरला होता. त्याला त्या सुताची लांबीसुद्धा पाठ असणार. तो शाफ्टकडे किंवा बाहुलीकडे बघत नव्हता. माणसांच्या डोक्यांवरून मला शोधत होता, आणि मी सापडले.

त्या संध्याकाळी तो माझ्याआधी घरी पोचला. मी आत गेले तर माझे चारही गाऊन कॉटवर पसरलेले. तो एकेकाच्या मानेखाली दोन बोटं घालत होता आणि तुकडा काढून बाजूला ठेवत होता. फार हळू. त्यानं उठून आधी दाराची कडी लावली, वरची आणि खालची. मग म्हणाला, "दुकानदाराला मी किती शिव्या घातल्या. तू ऐकत बसायचीस व्हय?"

मी मोठ्यानं म्हटलं, "व्हय."

त्यानं कपड्याला हात लावला नाही. तो शिकला होता. त्यानं माझा अंबाडा सोडला आणि केस हाताला गुंडाळले, एक वेढा, दुसरा, तिसरा, शाफ्ट गुंडाळतो तसे. केसांना कच्चा टाका घालता येत नाही. त्यानं मला जमिनीवर बसवलं, सुई-दोरा पुढं टाकला आणि म्हणाला, आता पक्कं शिव, माझ्या डोळ्यांदेखत. मी शिवायला लागले. प्रत्येक टाक्याला केस ओढत होता. पहिला गाऊन झाला. दुसऱ्याला टाका वाकडा गेला, आणि त्यानं कॉटचा लोखंडी पाय उचलून माझ्या डाव्या हातावर सोडला. दोन बोटं मोडल्याचं मला आधी ऐकू आलं आणि मग कळलं. ज्या बोटांनी सूत धरायचं तीच. मग कमरेचा पट्टा काढला. कान, पाठ, परत कान. बाहेरून अक्का दार वाजवत होत्या. मग दार वाजायचं थांबलं आणि दुसराच आवाज सुरू झाला. अक्का लोखंडी तव्यानं पत्र्यावर बडवत होत्या, न थांबता. कारखान्यातल्या बाईनं बडवलं की ते मागासारखं बडवणं असतं. गल्लीतली दारं उघडायला लागली, माणसं जमली. एवढा आवाज त्यालाही ऐकू गेला. बऱ्याच वेळानं त्यानं कडी काढली.

तेव्हापासून मी अक्कांच्या खोलीत राहते. केस मी दुसऱ्याच दिवशी कापले, अक्कांनीच कापले, त्या अर्ध्या ब्लेडनं. नवरा असताना केस कापले म्हणून गल्लीत बोलतात. मॅडम भेटायला आल्या होत्या, चिठ्ठ्या न आणता. माझ्या बांधलेल्या हाताकडे बघून म्हणाल्या की त्यांनी कुठंही नाव लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, मला माहीत हाय. मग म्हटलं, "आता केसांचं बघा." त्यांनी पर्समधून पेन काढलं. टोपीचा नमुना अजून नीट जमलेला नाही.

बोटं वाकडी जुळली, पण सूत धरता येतं. मी कामावर परत गेले तेव्हा सगळ्याजणींच्या अंगात नवे एप्रन होते, राखाडी टाक्यांचे. अक्कलकोटकडची ती बाईही आली होती, मानेला फडकं गुंडाळून. तिनं माझा एप्रन माझ्या पाठीवर बांधला, कारण मला वाकड्या बोटांनी पाठीमागं जमेना.

चौथ्या दिवशी चहाच्या वेळी तो माग सोडून आमच्या रांगेत आला. मला दिसला नाही, मी गाठ मारायला वाकले होते. मागून मूठ आली आणि पीळ बसला. धरायला केस नव्हते, म्हणून तो हात गाऊनच्या जुन्या सवयीनं पट्ट्यांवर आला होता. त्यानं मागे झटका दिला. पट्टे सुटले. तो दोन पावलं मागे गेला आणि उलट्या क्रेटला अडखळून गुडघ्यावर आला. मी माझ्या मशीनला धरून उभी होते. तो उठला आणि परत हात उगारला.

अक्कांनी लाल हँडल खाली पाडलं.

सगळे माग एकदम थांबले. त्या शेडमध्ये पावणेदोनशे माणसं आहेत आणि सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. कोणी ओढलं गेलं असं वाटून जॉबर धावत आला. शेठ केबिनच्या दारात. तो मध्ये उभा, हात वर, दुसऱ्या मुठीत पट्ट्यांची फुली, राखाडी सूत लोंबतंय. वर गेलेला हात कुठं न्यायचा हे त्याला कळेना. अक्कांनी हँडलवरचा हात काढला नाही. अक्कलकोटवाली माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "तुकडा द्या. परत लावायचा हाय."

त्याला ऐकू गेलं नाही. कान पुढं करून तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला, घरी बघायचा तसा. मग मी दुसऱ्यांदा म्हटलं, मोठ्यानं, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं. माझा आवाज त्या भिंतींत पहिल्यांदाच फिरला आणि मला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

त्यानं मूठ उघडली. पट्टे खाली पडले. अक्कलकोटवालीनं ते उचलून झटकले आणि माझ्या हातात दिले.

आता तो दुसऱ्या शेडला आहे. रस्त्यात दिसला तर मी अजून गल्ली बदलते. त्या दिवशी जॉबरनं हँडल वर केलं, माग चालू झाले, आणि मी क्रेटवर बसून एकेरी सूत सुईत ओवलं. डाव्या हाताच्या वाकड्या बोटांत कापड धरलं. नऊ टाके घातले आणि शेवटी गाठ मारली नाही.